दाराचा खिळा

शुक्रवारी सकाळी नकाशेताई कचेरीचं कुलूप काढायला आल्या, तेव्हा पायरीवर एक बाई गुडघे जवळ घेऊन बसलेली होती. चढावरच्या वस्तीतली शिलाईवाली. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती, घाईत काढायची राहिली असावी. हातात फोन.

"ताई, माझं घर दिसत नाही," ती म्हणाली.

"आधी मला आत तर जाऊ द्या. फोनवर नकाशा बोटांनी मोठा करावा लागतो."

"केला. इतका मोठा केला की शेजारणीच्या भिंतीला माझं नाक लागलं. तिचं आहे, तिच्या पलीकडचं आहे. माझ्या जागी नुसतं कोरं."

ताई गालातल्या गालात हसल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत घर दिसत नाही म्हणून येणारी माणसं त्यांनी पोत्यानं पाहिली होती. कुणी नकाशा उलटा धरलेला असायचा, कुणी भलत्याच गल्लीत आपलं घर शोधत असायचा. दाखवून द्यावं, घोटभर चहा पाजावा आणि वाटेला लावावं, असा विचार करून त्यांनी संगणक सुरू केला. संगणक जुना. सकाळी उठायला त्याला म्हाताऱ्या माणसाइतका वेळ लागायचा. आधी कण्हायचा, मग कूस बदलायचा, मग डोळे उघडायचा.

"हे बघा तुमचं घर," ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. मोठ्या दगडाला पाठ लावून उभं असलेलं तिकोनी घर, वस्तीतलं सगळ्यात लहान.

"हे तुमच्याकडचं. जगाला दिसतं ते दाखवा की."

ताईंनी ऑनलाइन नकाशा उघडला. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच तो चढवला होता. दगडाच्या पायथ्याशी काहीच नव्हतं. त्यांनी शेजारचा तक्ता उघडला. तक्त्यात घराची ओळ होती, क्रमांक होता, शिलाईवालीचं नाव होतं, नावापुढे तिचा धंदाही लिहिलेला होता. ताईंनी त्या ओळीवर जाऊन 'नकाशावर दाखवा' दाबलं. एरवी हे बटण दाबलं की नकाशा घसरत जाऊन त्या घरावर थांबायचा. आज तो जागचा हलला नाही. नाव होतं, घर नव्हतं.

मग त्यांनी टेबलाच्या खणातली लाकडी फूटपट्टी काढली, कागदावर धरावी तशी पडद्यावर आडवी धरली, आणि पहिल्या ओळीपासून एकेक घर दाबत खाली निघाल्या. चारशे बारा ओळी. पावणेअकराला पट्टी शेवटच्या ओळीवर आली, तेव्हा शेजारच्या कागदावर सत्तावन्न क्रमांक लिहिलेले होते. सत्तावन्न घरांची नावं होती, आणि घरं नव्हती.

हे सत्तावन्न म्हणजे काय, ते सांगायला हवं. मागच्या वर्षी चढावरच्या दोन गल्ल्या मातीसकट खाली आल्या. तेव्हापासून त्या उताराला भेगा आहेत. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढ्या. शेवटी वरून हुकूम आला की उतारावरच्या घरांना खाली सपाटीवर नवी घरं द्यायची. कोणत्या घरांना, तर नकाशावर एक लाल रेघ मारली जाईल, त्या रेघेच्या आत ज्या घराचा आकार येईल त्या घराला. माणूस जाऊन विचारणार नव्हता, अर्ज घेणार नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी पाचला ऑनलाइन नकाशा बंद व्हायचा, आणि वरचं यंत्र रेघ आणि आकार यांची गाठ घालून यादी काढणार होतं. नुसत्या नावाला त्या यंत्राच्या लेखी किंमत नव्हती. नाव रेघेच्या आत कुठं असतं?

आणि 'नकाशा संपूर्ण आहे' या कागदावर सही होती नकाशेताईंची. काल संध्याकाळी नकाशा चढला, वर आकडा आला चारशे बारा, ताईंनी आकडा पाहिला आणि सही केली. आकडा ओळींचा असतो, आकारांचा नसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. एकोणिसाव्या वर्षापासून रेघा ओढणाऱ्या बाईनं रेघ न बघता आकड्यावर विश्वास ठेवला. ही चूक त्यांना दिवसभर काट्यासारखी आत टोचत राहिली.

ताईंचे वडील मोजणीदार. साखळी, फीत आणि खिळे घेऊन चौतीस वर्षं हिंडलेले. लहानपणी ताई त्यांच्या फितीचं दुसरं टोक धरायच्या. बाबा आकडा ओरडायचे, त्या वहीत लिहायच्या. आई लवकर गेली, मग शाळा सुटली की बाबा असतील त्या गल्लीत पोहोचायचं हाच त्यांचा घरी जायचा रस्ता झाला. पुढे कचेरीत लागल्या. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून, पारदर्शक कागदावर शाईनं नकाशे उतरवायच्या. त्यांची रेघ अशी की जाड भिंग लावलं तरी कुठं थरथर दिसायची नाही. लग्न जमायचं राहून गेलं; कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझा हात कुणी मागितला नाही, रेघच मागितली." त्रेचाळिसाव्या वर्षी काचेची टेबलं उचलून नेली आणि संगणक आणून ठेवला. ताई घरी जाऊन एक रात्र रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक समोर ठेवून एका बोटानं शिकायला बसल्या. चढावरच्या वस्तीतलं प्रत्येक घर त्यांनीच मोजणीच्या वह्यांवरून संगणकात घातलं होतं, कोपऱ्यामागून कोपरा.

साहेब अकराला आले. ताईंनी सांगितलं. साहेबांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"चारशे बारातले तीनशे पंचावन्न दिसतायत ना? तसं काही वाईट नाही, ताई."

बाकावर बसलेली शिलाईवाली म्हणाली, "साहेब, शर्टाला सहा बटणं असतात. पाच लावून देते, चालेल? फक्त पोटावरचं एक नाही."

साहेबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, मोठ्या कचेरीत फोन लावा."

मोठ्या कचेरीत मदतीला एक माणूस नेमलेला होता. त्याला भयंकर सर्दी झाली होती. त्याचं नाव ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही; त्यांनी मनात त्याला सर्दीवाला म्हणून ठेवलं.

"आकार रिकामा आहे," तो सुरसुरत्या आवाजात म्हणाला. "ओळ आली, आकार आलाच नाही. तुमच्याकडूनच आला नाही."

"माझ्याकडे दिसतो हो. समोर आहे."

"तुमच्याकडे दिसतो म्हणजे चांगला आहे असं नाही. परत चढवून बघा. माझ्या मागे अजून अकरा कचेऱ्या लागल्यात, सगळ्यांना आजच पाच वाजणारेत."

नकाशा चढवायला चाळीस मिनिटं लागायची. एकदा सुरू केलं की सगळाच्या सगळा जायचा, मध्ये हात घालता यायचा नाही. ताईंनी चढवला. चाळीस मिनिटं त्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसल्या. पट्टी मुंगीच्या पायानं सरकत होती. संपली. तेच सत्तावन्न. त्यांनी जमिनीचं माप धरायची पद्धत तपासली, ती चुकली असती तर सगळीच घरं एकदम कुठंतरी नदीत जाऊन पडली असती, तसं नव्हतं. तरी बदलून पाहिली, पुन्हा जशी होती तशी केली, पुन्हा चढवला. आणखी चाळीस मिनिटं. साडेबाराच्या सुमाराला पट्टी भरली. तेच सत्तावन्न, एक कमी नाही, एक जास्त नाही.

चूक आडवीतिडवी असती, आज ही घरं गेली, उद्या ती गेली, तर नशिबाला बोल लावता आला असता. पण तीच घरं परत परत जातात, म्हणजे त्या घरांतच काहीतरी आहे. काय आहे? ताईंनी पारदर्शक कागदाचा जुना ताव काढला, पडद्याला लावला आणि सत्तावन्न ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या केल्या. फुल्या सगळीकडे विखुरल्या होत्या. मोठी घरं, लहान घरं, वरच्या गल्लीतली, खालच्या गल्लीतली. घरांचं एकमेकांशी काही नातं दिसेना.

शिलाईवाली बाकावरून बघत होती. रिकामं बसवेना म्हणून ती कचेरीच्या खिडकीच्या पडद्याची उसवलेली किनार दुमडून शिवायला लागली होती. सुई-दोरा तिच्या पिशवीत कायमच असायचा.

"ताई," ती सुई न थांबवता म्हणाली, "एकाच गिऱ्हाइकाचे सगळे कपडे तंग झाले, तर आम्ही कपडे नाही बघत. माप कुणी घेतलं ते बघतो."

ताईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग उठून कपाटाकडे गेल्या.

वस्ती तीन-चार वेळा मोजली गेली होती. नंतरच्या मोजणीदारांच्या वह्या निळ्या पुठ्ठ्याच्या, यंत्रानं मोजलेल्यांचे छापील कागद. आणि सगळ्यात जुन्या चार वह्या लाल कापडाच्या बांधणीच्या. ताई क्रमांक काढून वह्या उलगडत गेल्या. पहिलं घर लाल वहीतलं. दुसरं लाल वहीतलं. दहावं, विसावं. सत्तावन्नाच्या सत्तावन्न लाल वह्यांतली, आणि लाल वह्यांतली जेवढी घरं आजवर टिकली तेवढी बरोबर सत्तावन्न.

लाल वह्या बाबांच्या होत्या.

ताई कपाटाला टेकून खाली बसल्या. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" ताईंनी हातातली लाल वही पुढे केली. चौतीस वर्षांत ज्याच्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नाही, त्या माणसाचीच घरं तेवढी नकाशातून उडाली होती. एका वहीवर, कोपऱ्यात, त्यांचं स्वतःचं नववीतलं अक्षर होतं.

"घरी जाऊन येते," त्या म्हणाल्या. एक लाल वही पिशवीत घातली आणि निघाल्या.

घर सात मिनिटांवर. बाबा खिडकीशी खुर्चीत बसलेले. एक्याऐंशी वर्षांचे; डोळ्यांनी दिसत नसे, आता माणूस ओळखायचे ते पावलांवरून. स्मरण मात्र धारदार.

"आज दुपारीच? नोकरीवरून काढली की काय?"

"बाबा, तुमच्या मोजणीची घरं नकाशात टिकत नाहीयेत."

"माझी?" म्हाताऱ्यानं मान वळवली. "कोणतं घर चुकलं ते सांग. आत्ता सांग. काठी घेऊन येतो आणि परत मोजतो."

"चुकलं नाही. सगळी जातायत. तुम्ही घर कसं मोजायचात ते मला पुन्हा सांगा. अगदी पहिल्यापासून, मला काही माहीत नाही असं समजून."

"तुला माहीत नाही? फितीचं टोक कोण धरायचं?"

"सांगा ना, बाबा. वेळ नाहीये."

बाबांनी हवेत बोट धरलं. "पहिला खिळा उजव्या कोपऱ्याला. मग भिंतीभिंतीनं दुसरा, तिसरा, चौथा. फिरून पहिल्या खिळ्यावर यायचं, नाहीतर घर उघडं राहतं. आणि मग दाराचा खिळा."

"दाराचा खिळा," ताई हळूच म्हणाल्या.

"कोपऱ्यापासून दारापुढच्या वाटेपर्यंत फीत न्यायची, आकडा घ्यायचा, त्याच फितीनं माघारी यायचं. वहीत पुढे तांबड्या पेन्सिलीनं 'द'. बिनदाराचं घर म्हणजे नुसता खोका."

ताईंनी वही उघडली. प्रत्येक घराच्या खाली, शेवटून दुसऱ्या आकड्यापुढे, तांबडा 'द'. लहानपणापासून पाहिलेला. संगणकात घालताना त्यांनी आकडे जसे लिहिले होते तसेच उतरवले: कोपरे, पहिला कोपरा, दार, पुन्हा पहिला कोपरा. पडद्यावर घराला एक केसाएवढी शेपटी दिसायची. जाणारी रेघ आणि येणारी रेघ एकमेकींवर बसलेल्या. इतकी वर्षं त्या शेपटीकडे बघून ताईंना वाटायचं, हे बाबांचं घर. चूक म्हणून ती त्यांना कधी दिसलीच नाही. घर असंच असतं, असं त्यांच्या डोळ्यांना लहानपणीच शिकवलेलं होतं.

वरच्या यंत्राला मात्र कुणी शिकवलं नव्हतं. ते आंधळ्या माणसासारखं भिंतीला हात लावून घराभोवती चालतं. डावीकडे घर, उजवीकडे बाहेर, एवढंच त्याला कळतं. त्याला बाहेर नेलं आणि त्याच वाटेनं माघारी आणलं की त्याचा डावा-उजवा हात गोंधळतो. मग ते नाव तेवढं ठेवून घर टाकून देतं.

"बाबा, दारं काढावी लागतील."

बाबांनी हवेतलं बोट खाली घेतलं.

"मी दारं का घ्यायला लागलो, ठाऊक आहे तुला?" बाबा म्हणाले. "तुझ्या जन्माआधी एक घर मोजलं. चार कोपरे, चोख काम. शेजाऱ्यानं तो नकाशा दाखवून त्या बाईच्या दारासमोर भिंत घातली. नकाशात दार कुठंय, म्हणाला. खरंच नव्हतं. नवरा गेलेली बाई, आठ महिने खिडकीतून आत-बाहेर करत होती. पाण्याची घागर घेऊन, पोरी. मी ते पाहिलंय. त्या दिवसापासून मी एक घर बिनदाराचं मोजलं नाही."

"आज दार ठेवलं तर घरच राहत नाही, बाबा. पाच वाजता सगळं संपतं."

"मग मला कशाला विचारायला आलीस? तू सरकारची माणूस. काढ जा."

ताई चप्पल घालताना रडत होत्या. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तो खिडकीकडे तोंड करून बसला.

पावणेदोनला त्यांनी सर्दीवाल्याला गाठलं. त्याला एका घराचे आकडे वाचून दाखवले, आधी दारासकट, मग दाराविना. त्यानं आपल्या बाजूनं हातानं टाकून पाहिले.

"पहिला गेला," तो शिंकला. "दुसरा... दुसरा बसला. दिसला. हेच आहे तुमचं दुखणं. नव्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीचं बटण आहे, एका झटक्यात होतं."

"माझ्याकडे नवा नाही."

"मग हातानं करा."

"तुमच्याकडून नाही का होणार?"

"ताई, मी एखाददुसरं घर टाकू शकतो, ते पण असं आकडा आकडा करून. सत्तावन्न कुठून टाकू? चार-सव्वाचारच्या आत चढवायला सुरुवात करा. नाहीतर पट्टी भरायच्या आधी कुलूप पडेल."

दोन वाजता ताई बसल्या. लाल वही उघडायची, घर शोधायचं, तांबडा 'द' बघायचा, पडद्यावर त्या घराचे बिंदू उघडायचे, दाराचा आकडा आणि त्यानंतरचा माघारीचा आकडा खोडायचा. जुना प्रोग्रॅम प्रत्येक वेळी विचारायचा: बदल ठेवायचा का? हो. आकार बदलेल, चालेल का? हो. नक्की का? हो. प्रत्येक 'हो' म्हटल्यावर संगणक कण्हायचा.

पहिल्या दहा घरांची दारं खोडताना प्रत्येक दार त्यांना आठवलं. निळ्या रंगाचं, एका बिजागरीचं, ज्याच्या आड कुत्रं बांधलेलं असायचं ते. त्या वेळी फितीचं टोक त्यांनीच धरलं होतं. विसाव्या घरानंतर आठवणं थांबलं. तिसाव्यानंतर बोटं दुखायला लागली. साहेब दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारायचे, "किती झाली?" आणि उत्तर ऐकून घड्याळाकडे असे बघायचे, जसं काही घड्याळच उशिरा कामावर आलंय. शेवटी शिलाईवाली म्हणाली, "साहेब, तुम्ही एका जागी बसा. तुमच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजेल, मग ती पण मोजावी लागेल." साहेब बसले.

तीन वाजता सव्वीस. पावणेचारला शेहेचाळीस. ताई आता वाचत नव्हत्या, नुसता तांबडा 'द' दिसला की खोडत होत्या. हो, हो, हो. शेवटची लाल वही, शेवटचं पान, शेवटचं घर. तिथं 'द' दोनदा होता. दोन्ही खोडले. प्रोग्रॅमनं तीनदा विचारलं, ताईंनी तीनदा हो म्हटलं. चार वाजून सात मिनिटांनी त्यांनी नकाशा चढवायला लावला आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बसल्या.

हिरवी पट्टी पुन्हा मुंगीच्या पायानं सरकू लागली. खिडकीच्या पडद्याची किनार शिवून झाली होती. शिलाईवाली सुईत दोरा ओवून नुसती बसली होती.

चार अठ्ठेचाळीसला पट्टी भरली. ताईंनी सकाळचा कागद घेतला आणि सत्तावन्न ओळी एकेक करून दाबायला सुरुवात केली. नकाशा हलला. पहिलं घर आलं. दुसरं आलं. साहेब मागे उभे राहून बोटांवर मोजत होते. पंचावन्न. छप्पन्न. ताईंनी शेवटची ओळ दाबली.

नकाशा हलला नाही.

पुन्हा दाबली. दगडाच्या पायथ्याशी कोरं.

शिलाईवाली उठून मागे येऊन उभी राहिली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग ताईंच्या मानेकडे पाहिलं. "माझंच ना?" एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

साहेब म्हणाले, "ताई, माणसाच्या हातात जेवढं..."

"थांबा," ताई म्हणाल्या. त्यांनी लाल वहीचं शेवटचं पान उघडलं. त्या घराला कोपरे चार नव्हते. एका बाजूला दगड. दगडाला बाबांनी भिंत मानलं होतं. पहिला खिळा, दुसरा खिळा, आणि तिसऱ्या खिळ्यापुढे 'द'. या घराला तिसरा कोपरा वेगळा नव्हताच. भिंत संपते तिथंच दार होतं. बाबा तिथून फिरून पहिल्या खिळ्यावर आले होते, आणि मग सवयीनं पुन्हा दारापर्यंत जाऊन आले होते. म्हणून 'द' दोनदा. त्यातला एक नुसता दाराचा खिळा होता. दुसरा घराचा कोपरा होता. ताईंनी दोन्ही खोडले, आणि घराची उरली एक रेघ. रेघेत कोण राहतं?

चार बावन्न. सर्दीवाल्याचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी कचेरीचं माणूस त्याच्या कानाशी रडत असणार. ताई परत परत लावत राहिल्या. चार चोपन्न. शिलाईवालीनं गळ्यातली मोजपट्टी काढून हाताभोवती आवळून गुंडाळली होती. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

चार पंचावन्नला सर्दीवाल्यानं फोन घेतला.

"एक घर राहिलंय," ताई म्हणाल्या. "एकच. आकडे वाचते, टाका."

"ताई, पाच मिनिटं..."

"टाका."

मग बटणांचा आवाज आला. ताईंनी वाचायला सुरुवात केली. लहानपणी बाबा ओरडायचे तसा एकेक आकडा सुटा, मध्ये श्वासाएवढी जागा. सर्दीवाला प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचा. पहिला बिंदू. दुसरा बिंदू. मध्येच त्याला शिंक आली, आणि ताईंनी तो आकडा पुन्हा वाचला.

"दोन झाले. पुढं?"

"तिसरा. हा दाराचा आहे."

"दारं काढायचीत ना? तुम्हीच म्हणालात."

"हे नाही काढायचं. हे काढलं तर घर पडतं. लिहा. पुन्हा जाऊन यायचं नाही, एकदाच."

आकडे गेले. "आणि परत पहिल्यावर," ताई म्हणाल्या, "नाहीतर घर उघडं राहतं."

"बसवलं. दाबून बघा."

ताईंनी ओळ दाबली. एक क्षण काही झालं नाही. मग नकाशा घसरला, चढ ओलांडून वर गेला आणि दगडापाशी थांबला. तिथं नखाएवढं तिकोनी घर होतं.

"आहे?" सर्दीवाल्यानं विचारलं.

"आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. त्याच्या मागे अकरा कचेऱ्या होत्या.

पाच वाजता नकाशा करडा पडला. आता तो कुणालाच हलवता येणार नव्हता. शिलाईवाली बराच वेळ त्या करड्या पडद्याकडे बघत राहिली. तिनं हाताची मोजपट्टी सोडवली, कातडीवर तिचे वळ उठले होते. जाताना दारातून म्हणाली, "खिडकीच्या पडद्याचे टाके कच्चे आहेत ताई. सोमवारी येऊन पक्के करते." साहेबांनी कागदावर पुन्हा सही मागितली. या वेळी सही करताना आयुष्यात पहिल्यांदा ताईंची रेघ वाकडी आली.

घरी पोहोचल्या तेव्हा बाबा दुपारच्याच जागी होते. चहा केला नव्हता, दिवा लावला नव्हता. ताईंनी पिशवीतून लाल वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी कापडी पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"घरं?"

"सत्तावन्न. सगळी आहेत."

"आणि दारं?"

ताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. "काढली, बाबा. छप्पन्न काढली."

म्हातारा वहीची पानं चाचपत होता. त्यानं विचारलं, "राहिलं ते कुणाचं?"

"दगडाला टेकलेलं. शिलाईवालीचं."

बाबांची बोटं शेवटच्या पानावर थांबली. पेन्सिलीचा ओरखडा बोटांना लागत असेल की नाही, कोण जाणे.

"तीन खिळ्यांचं घर," ते म्हणाले. "तू लहान होतीस. ऊन होतं. फितीचं टोक सोडून तू त्या दगडाच्या सावलीत जाऊन बसलीस, आणि मी तुला रागावलो."

"आठवतं."

"छप्पन्न," बाबा म्हणाले. त्यांनी वही मिटली. ताई उठल्या आणि दिवा लावायला गेल्या.